जिप्सीचा कार्ब काढून इंजेक्शन: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

कार्ब (कार्बुरेटर) काढून पेट्रोलचं इंजेक्शन बसवायचा विचार असेल तर ईसीयू, म्हणजे इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर, कुठला घ्यावा यावर डोकं शिणवू नका. पेट्रोलचा पंप कुठे बसणार, हे आधी विचारा.

गाडी 1997 ची जिप्सी किंग, आठ व्हॉल्व्हचं 1.3 इंजिन. मारुतीने 2000 मध्ये हिला सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कंपनीच्याच इंजेक्शनचं) इंजिन दिलं, पण ते अख्खं टाकायचं तर इंजिन नंबर बदलतो, आरसीवर नोंद लागते. म्हणून आरटीओत विचारून इंजिन तेच ठेवलं. मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) चार इंजेक्टर बसवायच्या बैठका वेल्ड केल्या, थ्रॉटल बॉडी जुन्या बाजारातून आणली, ईसीयू मेगास्क्वर्ट. डिस्ट्रिब्युटर जागच्या जागी, आरपीएमचा सिग्नल कॉइलच्या निगेटिव्हवरून.

पावसाळाभर मी भेटेल त्याला हे काम करून घे म्हणून सांगत होतो. सकाळी चोक ओढून इंजिन गरम होण्याची वाट बघणं संपलं. महाबळेश्वर 1353 मीटरवर. तिथे हवा विरळ, पण कार्बचा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) तेवढाच, म्हणून पूर्वी वर पोचेपर्यंत पिकअप मरायचा आणि प्लग काळे व्हायचे. आता मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधलं प्रेशर बघतो आणि पेट्रोल आपोआप कमी होतं. तिरक्या चढावर कार्बमधला फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता गोळा) एका बाजूला जाऊन इंजिन गचकायचं, तेही बंद. ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला हवा कमी लागते, त्यामुळे ठरावीक जेटवर मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन बघणारा लॅम्डा सेन्सर ते सांभाळून घेतो. पीयूसीत या गाडीला सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा 3 टक्के आहे, आता एकच्या आत येतो.

मग एप्रिल आला. वरंधा घाटात भर दुपारी गाडी बंद. स्टार्टर फिरतोय, स्पार्क आहे, गेजवर पेट्रोलचं प्रेशर शून्य. तासाभराने थंड झाली आणि काही झालंच नाही अशी चालू झाली. नंतर प्रत्येक कडक उन्हात तेच.

टाकी उघडायचा खर्च नको म्हणून गॅरेजने पंप बाहेर चॅसीला लावला होता, सायलेन्सरच्या पाइपाजवळ आणि टाकीपेक्षा वर. हे पंप पेट्रोल ढकलायला बनवलेले असतात, ओढायला नाही. ओढताना नळीतला दाब उतरतो, गरम पेट्रोल तिथेच उकळतं आणि पंपाला वाफ मिळते. रेलला (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीला) 3 बार दाब लागतो; वाफेवर तो कुठून येणार? कार्बच्या जुन्या मेकॅनिकल पंपाचं पाव बारवर भागायचं. गॅरेजवाला म्हणे ट्यूनिंग बिघडलं, पुन्हा पैसे भरा. मी त्याला गेज दाखवला, तरी तो हटेना. वाद बराच वाढला. शेवटी गाडी उचलून दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली.

त्याने टाकी उतरवून धुतली, आतला गंज काढला आणि पंप आत सोडला. पंपाभोवती पत्र्याचा कटोरा केला आणि रिटर्नची (उरलेलं पेट्रोल परत आणणारी) नळी त्यातच सोडली, म्हणजे पाव टाकी असताना चढावर पेट्रोल मागे सरकलं तरी पंप बुडलेलाच राहतो आणि पेट्रोल त्याला थंडही ठेवतं. साधी रबरी नळी काढून इंजेक्शनची जाड नळी आणि तिचेच क्लॅम्प लावले. मे महिना निघाला, गाडी एकदाही बंद पडली नाही. केबिनमध्ये येणारी पंपाची सततची घूंऽऽ देखील गेली. या एका कामावर मी मनापासून खूश आहे.

पैशांचं सरळ सांगतो. सगळं धरून 85 हजार गेले. अॅव्हरेज दहाचं बारा झालं. 105 रुपये लिटरने किलोमीटरला पावणेदोन रुपये वाचतात, म्हणजे वसूल व्हायला साडेअठ्ठेचाळीस हजार किलोमीटर. माझ्यासारखा सुट्टीला गाडी काढणारा ते इतक्यात गाठणार नाही. बचतीसाठी करणार असाल तर कार्बची किट बदला आणि थांबा.

बॅटरीही आता चांगली लागते. पूर्वी उतरलेल्या बॅटरीवरसुद्धा धक्का मारून काम व्हायचं. आता व्होल्टेज पडलं की ईसीयू रीसेट होतो आणि पंप थांबतो. नवीन बॅटरीचे पैसे 85 हजारांत धरलेले नाहीत.