नऊ महिने, चार टूर आणि एक जळालेला कोपरा: रोल-टॉप सॅडलबॅगचा अनुभव

मोटरसायकलच्या मागे दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या, तोंड गुंडाळून बंद करायच्या या बॅगा घेतल्या तेव्हा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या नऊ दिवसांच्या टूरची तयारी चालू होती. रूट ठरला होता, मुक्काम ठरले होते, रजाही मंजूर झाली होती. सामान कशात न्यायचं हा विषय मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत मागे पडला. आज नऊ महिने आणि साधारण ११,००० किलोमीटर झाल्यावर मला ठामपणे वाटतं की हा क्रम उलटा हवा होता. आधी बॅग, मग वजन, मग रूट.

बॅगा दोन, प्रत्येकी २८ लिटरच्या. कापड ८४० डेनिअर (धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉनचं, त्यावर टीपीयूचं, म्हणजे लवचीक प्लास्टिकचं कोटिंग. जोड शिवलेले नाहीत, वेल्ड केलेले, म्हणजे वितळवून एकजीव केलेले आहेत, आणि मी त्या घेतल्या त्या एवढ्यासाठीच. शिवण आली की सुईची भोकं आली. वरून टेप लावलेली असली तरी घडी पडते तिथे ती सुटत जाते आणि नेमकं तिथूनच पाणी आत शिरतं. माझी आधीची बॅग अशीच गेली. या बॅगांवर आयपीएक्स ६ हा पाणीरोधकतेचा दर्जा लिहिलाय, म्हणजे जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यात टिकणाऱ्या. पाण्यात बुडवून ठेवण्याची चाचणी वेगळी, तो आयपीएक्स ७. रस्त्यावरच्या पावसाला पहिला पुरतो, आणि चारही टूरमध्ये तो पुरला.

एकदाच आत पाणी गेलं, आणि त्यात बॅगेचा काही दोष नव्हता. बंद करताना बॅगेवर गुडघा टेकून हवा काढायची, तोंडाच्या तीन घड्या घालायच्या, मग बकल लावायचं. तिसऱ्या टूरला एका सकाळी निघायची घाई होती, सामान वर येत होतं, म्हणून दोनच घड्या घातल्या. तासाभराच्या पावसात वरचे दोन मोजे आणि टॉवेल भिजले. तेव्हापासून माझा हिशेब साधा आहे: तिसरी घडी बसत नसेल तर सामान जास्त झालंय, काहीतरी बाहेर काढायचं.

आता जळालेल्या कोपऱ्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण नव्याने बॅग लावणाऱ्या कुणालाही हे होऊ शकतं. पहिल्या टूरचा तिसरा दिवस. मागे बसलेली बायको म्हणाली, "अरे, थांब जरा, प्लास्टिक जळल्याचा वास येतोय." उतरून पाहिलं तर सायलेन्सरच्या बाजूच्या बॅगेचा खालचा आतला कोपरा तपकिरी आणि चकचकीत झाला होता. रुपयाच्या नाण्याएवढं भोक पडलं होतं आणि आतल्या टी-शर्टला वितळलेलं कोटिंग चिकटून कडक पापुद्रा झाला होता. घरी गाडी उभी असताना मी बॅग आणि सायलेन्सरमधलं अंतर तपासलं होतं, चांगली तीन बोटं होती. पण दोघे बसलो, सामान आलं, खड्ड्यात सस्पेन्शन दबलं, अर्धी रिकामी बॅग आत झोल घेऊन लोंबली, की ते अंतर संपतं. बॅग बनवणाऱ्यांना कळवलं. फिटिंग ही ग्राहकाची जबाबदारी, असं एका ओळीचं उत्तर आलं. बॅगेसोबतच्या कागदावर याबद्दल एक चित्र जरी असतं तरी हे टळलं असतं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

उपाय तीन केले. सायलेन्सरवर हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा बसवला. बॅग आत झुकू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी स्टे (आधाराच्या दांड्या) लावले. आणि अंतर तपासायची पद्धत बदलली: बॅगा भरायच्या, दोघांनी गाडीवर बसायचं, तिसऱ्याने मागून दाब देऊन सस्पेन्शन पूर्ण खाली न्यायचं आणि त्या स्थितीत चार बोटं शिरतात का ते पाहायचं. भोकावर आतून-बाहेरून त्याच कापडाचा तुकडा चिकटवला. तो जोड सहा महिने टिकून आहे.

वजनाचा हिशेब मी दुसऱ्या टूरच्या आधी पहिल्यांदा मांडला. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त भार दिलेला असतो. माझ्या गाडीला तो १७५ किलो आहे. हेल्मेट, जॅकेट, बूट धरून मी ८२ आणि बायको ६३, म्हणजे १४५. उरले ३०. त्यात बॅगा, स्टे आणि शील्ड मिळून ९ किलो. म्हणजे दोघांचे कपडे, हत्यारं, पंक्चर किट, पाणी, सगळं २१ किलोत. पहिल्या टूरला आम्ही किती नेलं होतं ते मोजलंच नव्हतं, पण गाडी वळणावर उशिरा वाकायची आणि सरळ रस्त्यावर हँडल हलकं लागायचं, यावरून अंदाज येतो. तेव्हा मागच्या कॅरिअरवरही एक जड डफल (लांबट कापडी बॅग) बांधली होती. मागच्या चाकाच्याही मागे ठेवलेलं वजन पुढचं चाक उचलू पाहतं. आता हत्यारं आणि पाणी बॅगेच्या तळाला, पुढच्या कोपऱ्यात; कपडे वर. कॅरिअरवर फक्त रेनकोट.

भार वाढला की निघण्याआधी मागचा प्रीलोड, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा ताण वाढवतो, टायर थंड असताना दोघांसाठी दिलेल्या आकड्याइतकी हवा भरतो, चेनचा ढिलेपणा पुन्हा पाहतो. हेडलाइट बहुतेक जण विसरतात. मागची बाजू दबली की प्रकाश वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो.

आता किनारा. दुपारी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि वारा पाण्याकडून जमिनीकडे वाहू लागतो. सकाळी शांत असलेला रस्ता दुपारी आडव्या वाऱ्याचा होतो, आणि दोन भरलेल्या बॅगा म्हणजे त्या वाऱ्याला धक्का द्यायला मिळालेली जास्तीची जागा. उघड्या पुलावर एकदा गाडी जवळजवळ हातभर सरकली. म्हणून दुसऱ्या टूरपासून दिवस दोन भागांत पाडतो: सकाळी समुद्राकाठचा रस्ता, जेवणानंतर आतला, शेतांतून आणि झाडांतून जाणारा. त्यात आणखी एक फायदा निघाला. पश्चिमेकडचा किनारा असेल तर मावळतीचा सूर्य थेट डोळ्यांवर घेत वळणं काढावी लागत नाहीत. गाडी लावून, बॅगा खोलीत ठेवून सूर्यास्त पाहायला चालत जाता येतं. दिशाही अशी निवडतो की समुद्र आपल्या लेनच्या बाजूला राहील. मध्ये समोरून येणाऱ्या गाड्या नसल्या की दृश्य मोकळं मिळतं आणि थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही.

रोजचं अंतर हा आमचा सगळ्यात मोठा गैरसमज होता. पहिल्या टूरला नकाशावर दिवसाला ३५० किलोमीटर आखले होते. किनाऱ्याच्या वळणावळणाच्या रस्त्यावर आमचा सरासरी वेग ताशी ३५ ते ४० निघाला. शिवाय खाडीवर फेरीबोट असेल तर तिची वाट पाहणं आलं. बऱ्याच किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज मोकळी असलेली वाळूची वाट परवा त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. भरतीचं वेळापत्रक आता मुक्कामांच्या यादीशेजारीच ठेवतो. आमचा आकडा २०० वर स्थिरावला आणि चौथी टूर पहिलीपेक्षा कितीतरी सुखाची झाली.

खाऱ्या हवेने बॅगांना काही केलं नाही, बकलं प्लास्टिकची आहेत. स्टेचे साधे बोल्ट मात्र तिसऱ्या टूरनंतर तांबूस पडले. स्टेनलेसचे घातले, पण ॲल्युमिनियमच्या भागात स्टेनलेस बोल्ट मिठाच्या ओलाव्यात धरून बसतो, म्हणून आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं वंगण) लावलं. खरं नुकसान वाळूने केलं. पट्टा आणि टाकीमागच्या पॅनेलच्या मध्ये बारीक वाळू अडकली आणि पॅनेलवर बोटभर रुंदीचा मळकट पट्टा उमटला, पॉलिशने न जाणारा. पहिल्याच दिवशी तिथे पारदर्शक फिल्म लावली असती तर बरं झालं असतं. आता लावलीय. संध्याकाळी गोड्या पाण्याची एक बादली पट्ट्यांवर ओततोच.

गावाकडच्या अरुंद रस्त्यांवर रुंदीचं भान ठेवावं लागतं. माझं हँडल ८४ सेंटीमीटर, बॅगांसह मागची बाजू ९३. हँडल निघालं म्हणजे गाडी निघाली ही अंगवळणी पडलेली समजूत सोडावी लागली. एका कुंपणाच्या खांबाला बॅग घासल्यावर ती समजूत सुटली. पण याच मऊ बॅगांनी माझा पाय वाचवला, हेही सांगायलाच हवं. सुट्या खडीवर अगदी हळू जाताना गाडी आडवी झाली आणि पाय बॅगेखाली आला. बॅग चेपली, पाय ओढून काढता आला, घोट्याला सूज आली तेवढीच. तिथे ॲल्युमिनियमची पेटी असती तर हाड गेलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

कुलूप नाही ही उणीव राहणारच. ब्लेडने कापड फाडता येतं, म्हणून गाडीवर सामान सोडून लांब जात नाही. दोन्ही बॅगा काढून आत न्यायला चार मिनिटं लागतात, परत लावायला सहा. डाव्या बकलचा एक दात झिजलाय, सुटं बकल मागवलंय.

पुढची टूर पाच दिवसांची आहे. बॅगा काल रात्रीच भरून वजनकाट्यावर ठेवल्या: आतलं सामान १४ किलो, दोन्हींना तिसरी घडी आरामात बसली. रूट आज काढायला बसतोय.