‘मेबलीन’ हे गाणं नकली निघालं, तरी संच ठेवला

चार सीड्या, शंभर गाणी, १९५१ ते १९५६. अमेरिकेत रॉक अँड रोल उजाडलं तो काळ. अशा संग्रहांना तोटा नाही. युरोपात त्या काळच्या ध्वनिमुद्रणांवरचे हक्क ५० वर्षांनी संपले, त्यामुळे कुणीही उठतो आणि संच काढतो. हाही त्यातलाच, स्वस्तातला. तरी घेतला, कारण गाणी तारखेप्रमाणे लावली आहेत.

एरवी असल्या संचात चक बेरी, लिटल रिचर्ड, एल्विस एवढे निवडून देतात. त्याआधी जणू अमेरिकेत कुणी गातच नव्हतं. इथे पॅटी पेज, रोझमेरी क्लूनी, डीन मार्टिन ही तेव्हाची घरोघरची नावं त्याच रांगेत उभी आहेत. एका गाण्यात व्हायोलिनांचा ताफा, पुढच्यात ओरडणारा सॅक्सोफोन, की परत व्हायोलिनं. रेडिओ लावून बसणाऱ्याला ते असंच ऐकू येत असणार, सरमिसळ.

मी तबला वाजवते. २२ वर्षं साथ करते आहे. गाण्यात मला आधी ठेका ऐकू येतो, शब्द मागाहून, आणि इंग्रजी शब्द त्याच्याही मागाहून. पुढचं सगळं त्या कानाने लिहिलेलं आहे, तेव्हा शब्दार्थाची अपेक्षा धरू नका.

पहिली सीडी मी उपकार म्हणून लावली होती, आणि तिथेच अडकले. लेस पॉल आणि मेरी फोर्ड या नवरा-बायकोचं ‘हाऊ हाय द मून’, १९५१ सालचं, अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. एकाच बाईचा आवाज थरावर थर चढवलेला, गिटारही तशाच, आणि हे सगळं घरी बसून. किती आवाज आहेत ते मोजायला गेले, दोनदा चुकले. क्लूनीच्या ‘कम ऑन-अ माय हाऊस’ला साथ आहे हार्पसिकॉर्डची, म्हणजे पियानोच्या खडखडत्या आजोबाची. जॉनी रे ‘क्राय’मध्ये अक्षरशः रडतो. या माणसाला नीट ऐकू येत नसे, रंगमंचावर श्रवणयंत्र लावून उभा राहायचा, आणि पोरी वेड्या व्हायच्या. एल्विसच्या आधी, बरं का.

पॅटी पेजच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या गाण्याची टिंगल करायची पद्धत आहे. १९५३ मध्ये ते ८ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि मध्ये खरंच कुणीतरी भुंकतं. मी नाही टिंगल करणार. तीन-तीनच्या वजनात इतकं स्वच्छ चाललंय की डग्ग्यावर हात आपोआप जातो.

दुसऱ्या सीडीत जोड्या सुरू होतात. ‘श-बूम’ आधी द कॉर्ड्सचं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या काळ्या मुलांचं, आणि लगेच मागून क्रू-कट्सचं, टोरांटोच्या गोऱ्या चौकडीचं. दोन्ही १९५४. कॉर्ड्स गातात तेव्हा कट्ट्यावर बसून एकमेकांना टाळ्या देत असल्यासारखं वाटतं. क्रू-कट्सच्या मागे टिंपनी, म्हणजे वाद्यवृंदातला मोठा नगारा, ‘ढुम्म’ करते आणि सगळे इस्त्रीचे कपडे घालून उभे राहतात. पहिल्या क्रमांकावर गेलं ते इस्त्रीवालं.

बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ याच सीडीत मध्येच येऊन जातं, ओळख न करून दिलेल्या पाहुण्यासारखं. संचवाल्यांनी त्याला १९५४ मध्ये बसवलंय आणि ते बरोबर आहे. १२ एप्रिल १९५४ ला ते न्यूयॉर्कच्या पायथियन टेंपलमध्ये मुद्रित झालं, तबकडीच्या मागच्या बाजूला गेलं आणि फार कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी एका सिनेमाच्या नामावलीवर वाजलं तेव्हा जग हललं. जुलै १९५५ मध्ये पहिला क्रमांक. त्यातला गिटारचा तो भन्नाट तुकडा डॅनी सेड्रोनने आधीच्या एका गाण्यातून जवळजवळ जसाच्या तसा उचलला होता, आपल्याच. त्या दिवसाचे त्याला २१ डॉलर मिळाले म्हणतात. दोन महिन्यांनी जिन्यावरून पडून तो गेला. गाणं गाजलेलं त्याने पाहिलंच नाही. पुस्तिकेत त्याचं नाव शोधलं. नाही. एकाही वादकाचं नाव नाही. साथीदाराला हे जरा जास्तच लागतं, त्याला इलाज नाही.

तिसरी सीडी म्हणजे १९५५, आणि संचाचा जीव इथे आहे. लाव्हर्न बेकरचं ‘ट्वीडल डी’ आणि जॉर्जिया गिब्सने केलेली त्याची नक्कल पाठोपाठ ऐका. चाल सोडा, वाद्यमेळसुद्धा उचललेला. बेकरने अमेरिकी संसदेतल्या आपल्या प्रतिनिधीकडे दाद मागितली, पण वाद्यमेळाच्या रचनेला कायद्याने संरक्षण नव्हतं. पुढे एकदा विमानाने निघताना तिने प्रवासविम्याचा वारस म्हणून गिब्सचं नाव घातलं, असं सांगतात. मी मेले तर तुझं पोट कसं भरणार, असा हिशेब.

आता ‘तुट्टी फ्रुट्टी’. १४ सप्टेंबर १९५५, न्यू ऑर्लिन्स, कोझिमो मटासाचा जे अँड एम स्टुडिओ. लिटल रिचर्डचं मूळ गाणं चारचौघांत म्हणण्यासारखं नव्हतं, म्हणून डोरोथी लाबॉस्ट्री या मुलीकडून घाईघाईत शब्द सोवळे करून घेतले. सुरुवातीची ती अर्थ नसलेली अक्षरं मात्र राहिली. ती काय आहेत माहितीये? रिचर्डच्या डोक्यात घुमणारा ड्रमचा ठेका, तोंडाने म्हटलेला. म्हणजे पढंतच की, आपण तबल्याचे बोल तोंडाने म्हणतो तशी! हे वाचलं त्या दिवशी मी ती ओळ हाताने टाळी धरत दहा वेळा म्हटली. बसते. समेवर बसते. (आपल्याकडे दोनच वर्षांनी सी. रामचंद्रांनी ‘ईना मीना डीका’ केलं. त्याकडे आता वेगळ्या कानाने बघते.)

या गाण्यात एक भांडण चाललंय, तेही ऐका. जुन्या नाचाच्या संगीतात एका मात्रेचे दोन भाग सारखे नसत. मात्रेचे तीन तुकडे करा, पहिले दोन एकत्र बांधा, ‘धाऽति धाऽति’ असा झोका मिळतो. रिचर्डचा उजवा हात पियानोवर मात्रेचे सरळ दोन सारखे तुकडे पाडतो, ‘तकतकतकतक’. ड्रमवर अर्ल पामर, झोक्यात वाढलेला माणूस. त्या उजव्या हाताशी जुळवून घ्यायला आपल्याला आपला ठेका सरळ करावा लागला, असं त्यानेच पुढे सांगितलंय. इथे अजून पुरता सरळ झालेला नाही. दोघं एकमेकांना ओढतायत आणि त्या ओढाताणीतच मजा आहे. शेजारी पॅट बून या गोऱ्या गायकाची आवृत्ती आहे. तिच्यात ओढाताण नाही. ती १२ व्या क्रमांकावर गेली, रिचर्डची १७ व्या. बूनचं मी आणखी काही सांगत नाही.

दोन गाणी सोडून टेनेसी अर्नी फोर्डचं ‘सिक्स्टीन टन्स’. खाणकामगाराचं गाणं, जन्मभर कंपनीच्या दुकानाच्या कर्जात अडकलेल्या माणसाचं. खर्जातला आवाज आणि चुटक्या. नुसत्या बोटांच्या चुटक्या! लय दाखवायला त्याने त्या वाजवल्या आणि निर्मात्याने त्या तशाच ठेवायला लावल्या. यात रॉक अँड रोल अजिबात नाही, आणि अख्ख्या सीडीतली सगळ्यात घट्ट लय इथे आहे.

तक्रारीकडे येते. याच सीडीवर सातव्या क्रमांकाला चक बेरीचं ‘मेबलीन’. इयरफोन लावून ऐकत होते. ड्रम एका कानात, गिटार दुसऱ्या कानात. १९५५ मध्ये? स्टीरिओ तबकड्या बाजारात यायला अजून दोन-तीन वर्षं होती. शिवाय गिटारचा आवाज धुऊन वाळत घातल्यासारखा. शिकागोत चेस कंपनीसाठी २१ मे १९५५ ला जे मुद्रित झालं त्यात गिटार फाटलेली आहे, अँप्लिफायर सोसेल त्याच्या पलीकडे दामटलेली, आणि मागे खुळखुळे. ते सगळं गेलेलं. बेरीने १९६० च्या दशकात कंपनी बदलल्यावर आपली जुनी गाणी नव्याने गाऊन दिली होती. इथे त्यातलंच ढकललंय.

संच काढणाऱ्यांना लिहिलं. उत्तर आलं, सभ्य भाषेत: खोक्यावर ‘मूळ कलाकार’ असं छापलं आहे आणि गायक मूळच आहे. खोकं उलटं करून पाहिलं. खरंच, ‘मूळ ध्वनिमुद्रण’ असं कुठेही नाही. तेव्हा घेताना तो शब्द बघा. बाकी ९९ गाणी मी कान लावून तपासली. आणखी एकाचाच संशय आहे, खात्री नाही म्हणून नाव घेत नाही. पुस्तिकेत ‘मेबलीन’च्या रचनाकारांत रेडिओवाला अॅलन फ्रीडही आहे. गाणं वाजवावं म्हणून त्याचं नाव घुसवलं होतं, ते १९८६ मध्ये काढलं गेलं. पुस्तिका करणाऱ्याला ही बातमी पोचलेली दिसत नाही.

चौथी सीडी सगळ्यांच्या ओळखीची, म्हणून पटकन उरकते. फक्त एक करा. के स्टारचं ‘रॉक अँड रोल वॉल्ट्झ’ वगळू नका. १९५६ च्या सुरुवातीला हे पहिल्या क्रमांकावर होतं. मुलगी रात्री घरी येते तर आई-बाबा तिची रॉक अँड रोलची तबकडी लावून त्यावर वॉल्ट्झ नाचतायत. गाणंही तीनच्याच वजनात. मग एल्विसचं ‘हाउंड डॉग’ लावा, आणि लगेच दुसऱ्या सीडीवरचं बिग मामा थॉर्नटनचं, मूळचं. तिचं संथ, टाळ्यांवर चालणारं, डोळे वटारून म्हटलेलं. याचं म्हणजे २ जुलै १९५६ ला ३१ वेळा घेतलेलं, आणि कडव्यांच्या मध्ये डी. जे. फोंटानाचा ड्रमवरचा तो गोळीबार. मला दोन्ही हवीत. दिवसभर साथ करून आले असले तर मामा.

आवाज बहुतेक ठिकाणी चांगला आहे. तबकडीची खरखर थोडी ठेवलीय, पुसून सपाट केलेलं नाही. पुस्तिकेची अक्षरं मुंगीएवढी. खरं ‘मेबलीन’ मी वेगळं विकत घेतलं. तिसऱ्या सीडीवर सहावं गाणं संपत आलं की हात पुसून उठते आणि सातवं पुढे ढकलते.