जेलची थंड उशी-गादी: तीन तारे

रजोनिवृत्तीच्या त्रासासाठीची एचआरटी (हॉर्मोनचे उपचार) बंद केली आणि रात्रीचा घाम पुन्हा हजर! डॉक्टरांनी बजावलंच होतं, उपचार थांबले की काही जणींना हा त्रास परत होतो. म्हणून उशीवर टाकायची ही गादी मागवली. डोकं टेकताच मानेखाली मस्त गारवा. पण जेल अंगाची उष्णता शोषतं आणि तासाभरात स्वतःच कोमट होतं. मग अर्धवट झोपेत गादी उलटायची. वरचं कापड तर अगदीच भिकार, घाम टिपत नाही, कानाला चिकटतं. जुना सुती अभ्रा चढवला तेव्हा कुठे निभावलं.

पाकिटावर 'हॉर्मोन संतुलन' छापलंय, ती निव्वळ थाप. घाम फोडणारी ही गरम लाट उठते मेंदूतल्या तापमान-नियंत्रणातून, इस्ट्रोजेन घटल्यामुळे. गादी तिथे काय करणार? त्रास फारच असेल तर फेझोलिनेटंट ही बिनहॉर्मोनची गोळी आहे, अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेली. मात्र तिच्यासाठी यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात, त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच. घाम आला तरी पुन्हा डोळा लागतो, एवढ्यासाठी तीन तारे. कापड सुधारलं तर चौथा देईन.