डी.एल.एड. की बी.एड.?
बारावीनंतर दोन वर्षांचे डी.एल.एड., म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले डी.एड., केले की पहिली ते पाचवीच्या वर्गांवर शिक्षक होण्याची वाट खुली होते; बी.एड.ला मात्र आधी पदवी लागते आणि त्याचा रोख सहावीपासून पुढच्या वर्गांवर असतो. बी.एड.धारकांना खालच्या वर्गांसाठी मिळालेली मुभा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी अवैध ठरवली, त्यामुळे पहिलीच्या मुलांसोबत दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधत दशक शिकवण्याची ज्याला खरी ओढ आहे, त्याने डी.एल.एड.च करावे. पाठ टाचणांच्या, म्हणजे पाठ कसा घ्यायचा याच्या आराखड्यांच्या, वह्या दोन्हीकडे भरायच्याच आहेत! टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर पाचवीपर्यंतचा, दुसरा सहावी ते आठवीचा. पवित्र पोर्टल या राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरील भरतीसाठी अभियोग्यता चाचणी दोघांनाही द्यावी लागते.