मेरिनो लोकरीचे तीन टीशर्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मेरिनो ही बारीक, मऊ लोकरीच्या मेंढ्यांची जात. तिच्या लोकरीचे हे टीशर्ट घेतले तेव्हा घरात सगळ्यांचा एकच प्रश्न होता: उन्हाळ्यात लोकर? प्रश्न चुकीचा नव्हता, मलाही धाकधूक होतीच. आता आठ महिने झाले. महिन्याला कामाची एक तरी फेरी असते, एकदा तर सलग १९ दिवस बाहेर होते. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आधी माझा हिशोब सोपा होता. जितके दिवस तितके टॉप, वर दोन 'असू देत' म्हणून. बॅग ११-१२ किलोची व्हायची. बऱ्याच विमान कंपन्या केबिनमध्ये ७ किलोच नेऊ देतात, म्हणजे बॅग काउंटरवर द्या आणि उतरल्यावर पट्ट्यापाशी ताटकळत राहा. एकदा बॅग आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीला प्रवासातल्याच कपड्यांत गेले आणि खुर्ची मुद्दाम जरा लांब ओढून बसले. त्यानंतर हे सगळं शोधायला लागले.

आता एक टीशर्ट अंगात, एक बॅगेत, एक वाळत. दोन पँट, बूट एकच जोड, ब्लेझर अंगावर. लॅपटॉप-चार्जर धरून बॅग साडेसहा किलोत बसते.

वासाबद्दल बोलते, कारण खरा मुद्दा तोच आहे. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्यावर ताव मारतात तेव्हा तो सुटतो. माझे जुने पॉलिएस्टरचे टॉप झटपट वाळायचे, पण त्या धाग्यात अंगाचा तेलकटपणा मुरून बसतो. धुऊन घातला तरी अंग जरा तापलं की काखेत जुना वास हजर! लोकर मात्र आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. मी एक टीशर्ट न धुता सलग चार दिवस घातला. स्वतःच्या नाकावर भरवसा नव्हता, म्हणून घरी येऊन भावाच्या नाकासमोर धरला. "कपाटाचा वास येतोय," म्हणाला. पाचव्या दिवशी मात्र त्याने तोंड वाकडं केलं. तर मर्यादा चार दिवस, तीही एसीत बसून काम असेल तर.

टोचत नाही. माझ्या टीशर्टच्या लेबलवर १८.५ मायक्रॉन लिहिलंय, ही लोकरीच्या तंतूची जाडी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो.

'रात्रभरात वाळतो' हे मात्र अर्धसत्य. नुसता पिळून टांगला तर सकाळी काखेची शिवण ओलीच. जमलेली युक्ती अशी: बेसिनमध्ये गार पाण्यात धुवायचा, हलकेच दाबायचा, मग कोरडा टॉवेल पसरून त्यावर आडवा ठेवायचा, दोन्हींची वळकटी करायची आणि तिच्यावर चक्क उभं राहायचं. टॉवेल जड होतो, टीशर्ट दमट उरतो, सकाळपर्यंत कोरडा.

आता तक्रारी. कापड १५० जीएसएमचं (चौरस मीटरला १५० ग्रॅम), म्हणजे पातळ. तिसऱ्याच महिन्यात पोटावर, बेल्टच्या बकलपाशी, मोहरीएवढं भोक पडलं. दुसरा टीशर्ट एका हॉटेलच्या लाँड्रीला दिला. 'गार पाणी, ड्रायर नको' असं कागदावर लिहून दिलं होतं. परत आला तो भाचीच्या मापाचा, नमद्यासारखा घट्ट. लोकरीच्या धाग्याला बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात ते कायमचे. भरपाई शून्य, नवा घ्यावा लागला. शिवाय कपाटात कसर लागायची भीती. घामट टीशर्ट तसाच घडी करून ठेवू नका, कसर तिथेच आधी लागते. साबणही बघून घ्या: प्रथिनांचे डाग काढणारी एन्झाइम असलेली पावडर लोकरही खाते, कारण लोकर हेही प्रथिनच.

बाटल्या जवळपास संपल्या. केबिनमध्ये द्रव पदार्थांना १०० मिलिलिटरची अट २००६ मध्ये आली, अजूनही बऱ्याच विमानतळांवर आहे, पण साबणाच्या वडीला आणि तुरटीच्या खड्याला कोणी अडवत नाही. वडी अर्धी कापून नेते, नाहीतर डबीत तिचा लगदा होतो. घाम रोखणारा रोल-ऑन आता सकाळी नाही, रात्री झोपताना कोरड्या काखेत लावते. तेव्हा घाम कमी असतो, त्यामुळे तो नीट बसतो. एवढ्या एका बदलाने पडलेला फरक टीशर्टच्या तोडीचा आहे, आणि हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

बुटांचा प्रश्न सुटलेला नाही. एकच जोड रोज घातला की चौथ्या दिवशी खोलीला कळतं. रात्री आत कागदाचे बोळे कोंबते, जरा बरं पडतं.

पुन्हा घेईन का? घेईन, पण २०० जीएसएमचे आणि गडद रंगाचे. राखाडीवर घामाचे डाग लांबून दिसतात. भोकवाला टीशर्ट रफू करून ब्लेझरखाली चाललाय. सोमवारी पुन्हा निघायचंय, तोच घालून.