भाजीची पिशवी घेताना: मांजरपाट, ताग, नायलॉन की वायरची?

पिशवी घ्यायला गेलं की आपला हात आधी कापडाकडे जातो. जाड आहे का, रंग जाईल का, मळेल का. माझं म्हणणं, आधी बंद पाहा. आमच्या घरातून आजवर ज्या पिशव्या बाद झाल्या, त्यातल्या बहुतेकींचं कापड धडधाकट होतं. गेले ते बंद.

दोन वर्षांपूर्वी मंडईतून येताना बसमधून उतरत होते आणि उजव्या हातातली पिशवी एकदम हलकी झाली. बंद माझ्या मुठीत, त्याच्या टोकाला दोन बोटं रुंद फाटलेलं कापड, आणि कांदे पायरीवरून थेट रस्त्यावर. कंडक्टरने बस थांबवून धरली, चार लोकांनी कांदे गोळा करून दिले. घरी येऊन पिशवी उलटी केली तेव्हा कारण कळलं. बंद वरच्या काठाला नुसता टाचलेला होता, त्यावर एक आडवी टीप. सहा किलोचा सगळा भार त्या बोटभर टिपेवर. तेव्हापासून मी पिशव्या जरा डोळसपणे वापरते आहे: मांजरपाटाची, तागाची, नायलॉनची, वायरची, आणि जुन्या कपड्यांतून घरी शिवलेली. कोणती घ्यावी अशा विचारात असाल तर हा अनुभव उपयोगी पडेल.

आधी वजनाचा हिशेब, कारण तो आपण नेहमी कमी धरतो. दोन किलो कांदे, एक किलो बटाटे, एक किलो टोमॅटो, अर्धा किलो भेंडी, एक दुधी, एक नारळ, दोन जुड्या पालेभाजी. झाले सहा किलो. किराणा त्याहून जड. पाच किलो तांदूळ, दोन किलो साखर, एक किलो तूरडाळ आणि तेलाची एक पिशवी म्हटली की नऊ किलोच्या आसपास जातं. शिवाय चालताना पिशवी हिंदकळते, जिना चढताना हिसका बसतो. काट्यावरच्या वजनापेक्षा बंदाला नेहमीच जास्त सोसावं लागतं.

म्हणून दुकानात पिशवी हातात आली की आतली बाजू बाहेर काढा. बंद वरच्या काठात खुपसून एकाच टिपेत शिवलेला दिसला तर ती पिशवी फक्त हलक्या सामानाची. बंद तीन-चार बोटं खाली आणून त्यावर चौकोन आणि चौकोनात फुलीची टीप असेल तर रोजच्या भाजीला हरकत नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे पुढच्या बाजूने खाली जाऊन, बुडाखालून फिरून, मागून वर येणारा अखंड बंद. त्यात वजन कापडाला लोंबकळत नाही, बंदाच्या झोळीत बसतं. कापड फक्त सामान आवरून धरतं. अशी पिशवी साध्या कापडाची असली तरी वर्षानुवर्षं चालते, आणि काठाला टाचलेल्या बंदाची पिशवी जाड कॅनव्हासची असली तरी दगा देते.

बंदाची रुंदीही बघा. एक इंची बंद सहा किलोला तळहातात रुततो, दीड इंची रुतत नाही. लांबीचं मात्र प्रत्येकाचं वेगळं. खांद्यावर अडकवायचे लांब बंद हातात धरले की पिशवी जिन्याच्या प्रत्येक पायरीला आपटते, आणि स्कूटरच्या हुकाला लावली तर बूड पायाखालच्या जागेवर घासत राहतं. माझी उंची बेताची, म्हणून मी आखूड बंदच घेते.

मांजरपाट आणि डक

सुती पिशवीत मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते कोरं मांजरपाट किंवा त्याहून जाड डक. पण नवं मांजरपाट फसवू शकतं. दुकानात कडक आणि भरीव लागतं, पहिल्या धुण्यात खळ निघून गेली की लुळं पडतं. खरी वीण कळायला कापडाचा कोपरा दोन्ही तळव्यांत जोरात चोळा. पांढरी भुकटी पडली तर तो जाडेपणा खळीचा. मग चोळलेला भाग उजेडासमोर धरा. धाग्यांच्या मध्ये उजेडाची जाळी दिसली तर वीण विरळ आहे, कांद्यांसाठी ती पिशवी घेऊ नका.

सुती कापडाचा एक गुण फारसा कोणी सांगत नाही. सुताचा धागा ओला झाला की कमजोर होत नाही, उलट किंचित अधिक ताण सोसतो. पावसात भिजलेल्या सुती पिशवीला म्हणून घाबरायचं कारण नाही. त्रास आहे तो वाळण्याचा. जुलैत डकची पिशवी दोन-दोन दिवस दमट राहते, आणि दमट तशीच घडी केली की काळे ठिपके पडतात, ते पुढे जात नाहीत. सुती पिशवी घेणार असाल तर पावसाळ्यासाठी दोन हव्यात, एक वापरात आणि एक दोरीवर.

सुती म्हणजे आपोआप पर्यावरणाला चांगली, असं मीही धरून चालले होते. कापूस पिकवायला, पिंजायला, विणायला बरंच काही खर्ची पडतं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली हिशेब मांडला होता. हवामानबदलाच्या बाबतीत पातळ प्लास्टिक पिशवीच्या एकाच वापराशी बरोबरी करायची तर सुती पिशवी १३१ वेळा वापरली गेली पाहिजे. आठवड्याला दोन फेऱ्या धरल्या तर सव्वा वर्ष. नेमाने वापरणाऱ्याला हे मुळीच अवघड नाही, माझी मांजरपाटाची पिशवी कधीच त्या पुढे गेली आहे. अवघड आहे ते कपाटात पडलेल्या पिशव्यांचं. मुंज, वास्तुशांत, साठी, प्रत्येक समारंभातून नाव छापलेली एक सुती पिशवी घरी येते. तशा वीस पिशव्या घडी करून ठेवल्या असतील तर त्यांच्यासाठीचा कापूस वाया गेलेला आहे. तेव्हा नवी घेण्याआधी घरातल्या मोजा, आणि त्यातल्या बऱ्या पिशव्यांना शिंप्याकडून नीट बंद लावून घ्या.

ताग

तागाची पिशवी दिसते छान, आपल्या पायावर उभी राहते, आणि बरण्या, डब्बे, पुडे यांसाठी तिच्यासारखी दुसरी नाही. किराण्याला मी तीच नेते. पण तागाचं सुताच्या उलट आहे, ओला झाला की त्याची ताकद घटते. धुतला की आकार बिघडतो आणि पावसात कुबट वास धरतो. कोऱ्या तागाचं तूसही सुटतं, मेथी-कोथिंबिरीला चिकटतं.

हल्ली बाजारातल्या बऱ्याच तागाच्या पिशव्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. बोट फिरवलं की गुळगुळीत लागतो. पिशवी ताठ राहते ती त्याच्यामुळे. पण घडीच्या रेषेवर तो थर तडकतो, त्याचे पापुद्रे निघतात, आणि मग पिशवी धुताही येत नाही. थर नसलेली, आतून सुती अस्तर लावलेली मिळाली तर ती घ्या. भाजीसाठी ताग घेऊ नका, एवढं मी ठामपणे सांगेन.

कापडासारखी दिसणारी

मिठाईच्या, साड्यांच्या दुकानात मिळते ती मऊ, रंगीत पिशवी पुष्कळ लोक कापडी समजून जपून ठेवतात. ती कापडी नाही. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवून तिचा पत्रा करतात. ओळखायला सोपी आहे. काठाचा धागा ओढून पाहा. कापडाचा धागा सरळ निघतो, हिचा निघतच नाही, आणि जवळून पाहिलं तर सगळीकडे बारीक ठशांची रांगोळी दिसते. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने जी प्लास्टिकबंदी आली, तिच्यात याही पिशव्या होत्या. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी अशा पिशवीचं कापड किमान ६० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम, असलंच पाहिजे असं ठरवलं.

त्या ब्रिटिश हिशेबात हिला ११ वापर पुरेसे होतात. कागदावर ती सुती पिशवीपेक्षा किती तरी सरस. जाड असेल आणि बंद चिकटवलेले नसून शिवलेले असतील तर अकरा फेऱ्या ती खरंच काढते. तरी मी ती घेत नाही. पॉलिप्रॉपिलीन उन्हाने ठिसूळ होतं. खिडकीच्या खिळ्याला टांगलेली पिशवी एका उन्हाळ्यानंतर हातात घेतली तर तिचा भुगा होतो, आणि तो भुगा झाडून गोळा करता येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा प्लास्टिकने तुंबलेले नाले मुंबईने पाहिले आहेत. आधीच घरात आली असेल तर उन्हापासून लांब ठेवून शेवटपर्यंत वापरा. पैसे देऊन मात्र आणू नका.

नायलॉन

नायलॉनची घडीची पिशवी मला आधी आवडत नसे, प्लास्टिकच ना शेवटी, म्हणून. आता ती माझ्या पर्समध्ये कायम असते, आणि त्याचं कारण तिचं टिकाऊपण नव्हे. मुठीत मावते, म्हणून ती नेहमी बरोबर असते. मांजरपाटाची कितीही दणकट पिशवी दाराच्या खुंटीला राहिली आणि ऑफिसातून येताना पेरू स्वस्त दिसले, की पिशवी विकत घ्यावी लागते. लोकलने किंवा बसने ये-जा करणाऱ्याने पहिली पिशवी हीच घ्यावी.

घेताना कापडात बारीक चौकड्यांची उठावदार वीण आहे का पाहा. त्या विणीत भोक पडलं तरी ते पसरत नाही. आतल्या शिवणीला पट्टी लावून गोट केलेला हवा. नायलॉनच्या कापलेल्या कडा सुटत जातात, आणि गोट नसेल तर वर्षभरात शिवण कडेपर्यंत येऊन उसवते. भिजली तरी दहा मिनिटांत झटकून वाळते. दोष दोन. बूड नसल्यामुळे सामान एका कोपऱ्यात गोळा होतं आणि टोमॅटो कांद्यांखाली जातात. आणि बंद पातळ असतात, चार किलोच्या वर हाताला काचतात.

वायरची

प्लास्टिकच्या वायरची विणलेली पिशवी माझ्या आईने सुट्टीत बसून स्वतः विणली होती, हिरवी-पांढरी. मासळीसाठी आजही मी तीच नेते. पाणी खाली निथळून जातं, घरी आल्यावर नळाखाली धरली की स्वच्छ, वास राहत नाही. बूड पसरट असल्याने अंडी आणि टोमॅटोही नीट बसतात. लिंबं आणि मिरच्या तेवढ्या गळतात, त्यांना आत एक छोटी सुती पिशवी लागते. घडी होत नाही, हा तिचा खरा तोटा. घराजवळच्या बाजाराला उत्तम, प्रवासाला नाही.

घरच्या कपड्यातून

नवा कापूस लागत नाही, म्हणून हिशेबाने ही सगळ्यांच्या पुढे. पण कपडा निवडताना हात आखडा. जुनी चादर मधोमध विरलेली असते, तिची पिशवी मधूनच फाटते. घ्यायचाच तर काठाकडचा भाग घ्या. जुन्या जीन्सचा पाय मात्र सोन्यासारखा. गुडघ्याखालचं कापड सहसा शाबूत असतं आणि बाजूची दुहेरी शिवण तयारच मिळते. फक्त शिंप्याला आधी विचारा, साधं मशीन जीन्सच्या चार पदरांवर सुई मोडतं.

आता कोणी काय घ्यावं. आठवड्याची भाजी एकदम आणणाऱ्या घराला बुडाखालून बंद फिरवलेली मांजरपाटाची किंवा डकची, दोन नग. रोज वाटेतून थोडं थोडं आणणाऱ्याला नायलॉनची एक पुरे. महिन्याचा किराणा चालत आणत असाल तर आतून अस्तराची तागाची. मासळी-मटण आठवड्याला असेल तर त्यासाठी वेगळी पिशवी, वायरची किंवा नायलॉनची, आणि ती भाजीला कधीच वापरायची नाही. म्हातारी माणसं बाजारात जात असतील तर एका मोठ्या पिशवीऐवजी दोन लहान घ्या. दोन्ही हातांत तीन-तीन किलो सोसतात, एका हातात सहा किलो खांदा ओढतात.

मांजरपाटाची पिशवी विकत आणण्यापेक्षा शिवून घेणं मला जास्त पटतं, कारण बंद आपल्या मनासारखा लावता येतो. छत्तीस इंची पन्ह्याचं सव्वा मीटर कापड आणा आणि शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. कोरं मांजरपाट आटतं, ते आधीच आटून घेऊ द्या. पिशवी ४० सेंटिमीटर रुंद, ४० उंच, बूड १२. त्याच कापडातून उरलेल्या भागाच्या १२ सेंटिमीटर रुंद तीन पट्ट्या निघतात. त्या जोडून, तिपदरी दुमडून चार सेंटिमीटरचा, साधारण तीन मीटर लांब बंद होतो. पट्ट्यांचे जोड बुडाखाली किंवा पिशवीच्या अंगावर टिपेत येऊ द्या, मुठीत नकोत. हाताला धरायचा भाग ५० सेंटिमीटर ठेवायला सांगा, खांद्याला हवी असेल तर ६५ ते ७०. काठापाशी जिथे बंद पिशवी सोडून वर येतो, तिथे फुलीची टीप दोनदा.

माझ्या शिंप्याने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा म्हणाला, "ताई, एवढ्या बंदात दुसरी पिशवी होईल." झाली असती. पण ती पिशवी मी अजून वापरते आहे, आणि गेल्या पावसाळ्यात तिच्या मुठीचा भाग झिजला तेव्हा त्यानेच आपणहून त्यावर नवी पट्टी चढवून दिली.