पाच तारा आणि एक चौकोनी सेल : अ‍ॅक्टिव्ह बेस वापरल्यानंतरचा अनुभव

कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रार त्यांच्याकडे अजून ‘इन प्रोसेस’ आहे आणि उरलेली वॉरंटी मला हवी आहे. चाळीस हजारांच्या आतबाहेरचा, पाच तारांचा, दोन हंबकर (तारांचा आवाज उचलणारे पिकअप) आणि नऊ व्होल्टचा प्रीअ‍ॅम्प (आवाज आतच वाढवणारं सर्किट) असलेला, म्हणजेच ‘अ‍ॅक्टिव्ह’, बेस गिटार, एवढं पुरे. या किमतीत सगळ्यांचे स्पेसिफिकेशन सारखेच असतात, ते तुम्ही वाचलेलेच असतील.

मी पुण्यात वाजवतो. जुन्या हिंदी गाण्यांचे ऑर्केस्ट्रा, भावगीतांचे कार्यक्रम, लग्नाची संगीतं, गणपतीत मंडळांच्या सुपाऱ्या. घर यावरच चालतं, त्यामुळे वाद्याकडे बघायची माझी नजर हौशी माणसापेक्षा रिक्षावाल्याची जास्त आहे: सकाळी चालू झालं पाहिजे आणि खर्च कमी पाहिजे.

आधी चांगलं सांगून टाकतो. नेक, म्हणजे गिटारची मान, सरळ आहे. पावसाळ्यात थोडी पुढे वाकली, तिच्या आतल्या सळीला, म्हणजे ट्रस रॉडला, अ‍ॅलन कीने पाव फेऱ्यापेक्षा कमी दिल्यावर जागेवर आली. खुंट्या सुराला धरून राहतात. वजन साडेचार किलोच्या पुढे आहे, तीन तासांच्या शोनंतर डावा खांदा बोलतो. रुंद पट्टा घ्या आणि विषय संपवा.

पाचवी तार मात्र खरंच कामाची. लोक म्हणतात खालचा बी (पाचव्या तारेचा स्वर) ऐकूच येत नाही, मग पैसे कशाला घालवायचे. बरोबर आहे, उघड्या बीचा मूळ स्वर ३१ हर्ट्झच्या आसपास असतो आणि मंडळाच्या स्पीकरमधून तो बाहेर पडतच नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्याच्या वरचे स्वर, खालचा भाग कान स्वतः भरून काढतो. पण ती तार उघडी वाजवायला घ्यायचीच नसते. गायक आयत्या वेळी म्हणतो, ‘आज गळा बसलाय, काळी दोनमध्ये घेऊ.’ म्हणजे सा पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर. चार तारांवर खालचा सा संपतो ई वर, म्हणजे पांढरी तीनला. काळी दोनचा सा हवा तर वरच्या सप्तकात जावं लागतं आणि गाण्याची बैठकच उचलली जाते. पाच तारांवर तोच सा बीच्या चौथ्या फ्रेटवर (पडद्यावर), हाताखाली. काळी एक असेल तर दुसऱ्या फ्रेटवर. ज्यांना रोज वेगळा गायक आणि रोज वेगळी पट्टी, त्यांनी पाच तारा घ्याव्यात. ज्यांचा बँड ठरलेला आणि गाणी ठरलेली, त्यांनी चारांवर खुशाल राहावं.

आता सेल.

पाठीमागे एक प्लास्टिकची डबी, तिच्यात नऊ व्होल्टचा चौकोनी सेल. हिशोब सगळ्यांना माहीत आहे: कॉर्डची पिन आत घातली की सर्किट चालू, काढली की बंद. असा प्रीअ‍ॅम्प एक मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास खातो, चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये पाचशे मिलिअ‍ॅम्पिअर-तास असतात, म्हणजे साधारण पाचशे तास वाजवायला मिळायला हवेत. माझ्यासारख्याला वर्षातून दोनदा बदलला तरी चाललं पाहिजे.

माझा सेल तीन आठवड्यांत मरायचा. कधी महिना निघायचा. आणि मरताना सांगूनही मरत नाही. आधी जोरात ओढलेले खालचे स्वर फाटतात, तेव्हा वाटतं साउंडवाल्याने गेन वाढवलाय. आपण त्याच्याकडे रागाने बघतो, तो आपल्याकडे. मग आवाज बसत जातो. मग मुखडा संपून अंतरा सुरू होताना काहीच नाही. व्हॉल्यूमचा नॉब वर ओढला की बेस पॅसिव्ह होतो, म्हणजे सेलच्या सर्किटशिवाय वाजतो, ही सोय आहे आणि तिनेच मला वाचवलं. पण पॅसिव्हमध्ये आवाज एकदम खाली येतो, साउंडवाल्याला हातवारे करून सांगावं लागतं, आणि तोवर निवेदक आपल्याकडे बघून गोड हसत असतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: नॉब ओढला म्हणून सेल वाचत नाही. पिन बाहेर काढली तरच वाचतो.

अल्कलाइन सेल आमच्याकडे तीनशेच्या घरात, साधा तीस-चाळीस रुपयांत. मी साधे घ्यायला लागलो. ते आणखी लवकर जायचे. रिचार्जेबलही करून पाहिला. त्याची कुवत मुळात कमी, आणि भरून नुसता ठेवला तरी उतरतो. शेवटी प्रत्येक शोआधी मल्टिमीटरने सेल मोजायचा, आठच्या खाली असला की बदलायचा, हा नेम झाला. विंगेत मी गिटार पालथी घालून मीटर लावतोय हे बघून आमचा ढोलकीवाला म्हणाला, ‘शुगर किती आली?’

चिडचिड वाढली की माणूस इतिहास काढतो. जेम्स जेमर्सन, डेट्रॉइटचा, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या रेकॉर्ड्सचा बेसवादक. १९६२चा फेंडर प्रिसिजन बेस, जाड, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत, आणि उजव्या हाताचं एकच बोट. सेल नाही. अमेरिकन बेसवादक जाको पास्टोरियस, १९६२चाच फेंडर जॅझ बेस, फ्रेट काढून टाकलेला. सेल नाही. आपल्याकडे बेसवादक टोनी वाझ यांनी आर. डी. बर्मन यांच्याकडे जे वाजवून ठेवलंय, ते आजही मी ऑर्केस्ट्रात जसंच्या तसं उतरवायला बसलो तर घाम फुटतो. सूर कठीण नाहीत, कुठे वाजवायचं नाही हे कठीण आहे. मग १९७६ साली म्युझिक मॅनचा स्टिंगरे आला, कारखान्यातूनच प्रीअ‍ॅम्प बसवलेला, आणि तेव्हापासून बेसवाल्याच्या खिशात चौकोनी सेल आला. माझं मत पक्कं झालं होतं की अ‍ॅक्टिव्ह हा विकणाऱ्यांचा धंदा आहे, वाजवणाऱ्यांची गरज नाही.

मग सर्व्हिस सेंटर. फोनवर पहिला प्रश्न: ‘सर, कॉर्ड काढून ठेवता ना?’ काढून ठेवतो. दुसऱ्या फोनवर दुसऱ्या माणसाचा तोच प्रश्न. तिसऱ्यांदा मी आधीच उत्तर देऊन टाकलं, तर म्हणाले, ‘कॉल रेकॉर्ड होतोय, प्लीज नीट बोला.’ शेवटी गिटार दुसऱ्या शहरात पाठवायला सांगितली, कुरिअर माझ्या खर्चाने. ऐन लग्नसराईत. मित्राचा जुना चार तारांचा बेस मागून दिवस काढले. अंदाजपत्रक आलं ते असं: प्रीअ‍ॅम्प बदलावा लागेल, सात हजारांच्या वर, वॉरंटीत बसत नाही, कारण शिफारस केलेला सेल न वापरल्याने सर्किटवर परिणाम झाला असावा. ‘असावा’ या शब्दावर सात हजार! नको म्हटलं, तर तपासणी शुल्क वेगळं. भरलं, गिटार परत मागवली.

इथपर्यंतचा मजकूर मी तेव्हाच रागारागात लिहून ठेवला होता. पुढचं नंतरचं आहे आणि मतही थोडं बदललं आहे, पण वरचं खोडत नाही.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ इलेक्ट्रॉनिक्सची जी गल्ली आहे, तिथे एक काका अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. गिटार त्यांनी आयुष्यात उघडली नव्हती. पाठीमागचं झाकण काढलं, सेलची एक क्लिप सोडवली, मध्ये मीटर लावला. पिन बाहेर. मीटरवर शून्य यायला हवं, आलं ०.९ मिलिअ‍ॅम्पिअर. ‘हा बंदच होत नाहीये हो. रात्रंदिवस चालू आहे.’ मग आकडेमोड तोंडीच झाली: पाचशे भागिले ०.९, साडेपाचशे तास, म्हणजे तेवीस दिवस. माझे तीन आठवडे तिथे सापडले.

कारण बघण्यासारखं होतं. या बेसचा जॅक, म्हणजे पिन घालायची जागा, स्टिरिओ असतो, त्याला तीन पाय. सेलची वजा बाजू मधल्या पायाला जोडलेली. आपली साधी मोनो पिन आत गेली की ती मधला पाय आणि अर्थ (अर्थिंगचा पाय) एकत्र करते, तोच सेलचा स्विच. हंबकर आणि वायरींना बाहेरचा गोंगाट लागू नये म्हणून आतल्या खोबणीला तांब्याची पट्टी चिकटवलेली असते, ती अर्थला जोडलेली. आता जॅकचा बाहेरचा नट सैल होता. कॉर्डला हिसके बसून जॅक आतल्या आत थोडा फिरला, मधला पाय त्या पट्टीला जाऊन टेकला. झालं. पिन असो वा नसो, सर्किट चालू. काकांनी पाय सरळ केला, त्यावर छोटी रबरी नळी चढवून हीट गनने आवळली, नटाखाली दातेरी वॉशर टाकला, नट घट्ट केला. मीटर शून्य. दोनशे रुपये. वर म्हणाले, ‘वॉशर कंपनीनेच टाकायला हवा होता.’

तेव्हा आता राग प्रीअ‍ॅम्पवरून वॉशरवर आलाय. चाळीस हजारांच्या वस्तूत दोन रुपयांचा वॉशर वाचवला, आणि त्याची बिलं मी तीनशे-तीनशेने भरली. तुमच्याकडे असा बेस असेल तर आज एक काम करा: जॅकचा नट बोटाने फिरवून बघा. फिरला तर आत जॅकही फिरतोय. बाहेरून नुसता आवळू नका, आतला जॅक सोबत गरगर फिरतो आणि वायर तुटते. झाकण काढून आतून धरा, मग आवळा. आणि कॉर्ड पट्ट्याच्या मागून वळवून घ्या, म्हणजे कुणाचा पाय पडला तर हिसका पट्ट्याला बसेल.

दुरुस्तीनंतर तोच सेल अजून चालू आहे, आणि अ‍ॅक्टिव्हचा उपयोगही आता शांतपणे कळतोय. बंद नाट्यगृहात मी बहुतेक पॅसिव्हच वाजवतो. मैदानात मात्र, जिथे सबवूफर घुमतात आणि स्वर ओळखू येत नाही, तिथे बेसचा (खालच्या स्वरांचा) नॉब कमी आणि मिडचा (मधल्या स्वरांचा) थोडा जास्त केला की ओळ ऐकू येते. अमेरिकन बेसवादक मार्कस मिलरनेही १९७७च्या जॅझ बेसमध्ये प्रीअ‍ॅम्प बसवून घेतलाच की. ट्रेबलचा नॉब मी शून्यावरून हलवत नाही. वाढवला की सूर कमी आणि फ्रेटवरची खरखर जास्त. जनरेटरवरच्या शोमध्ये हमिंग आली तर गिटारला शिव्या देण्याआधी डीआय बॉक्सवरचा (गिटारचा आवाज मिक्सरकडे नेणारी डबी) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे अर्थिंग तोडणारं बटण, दाबून बघा, बऱ्याचदा तिथेच मिटतं.

तारांबद्दल. पाच तारांचा सेट तीन हजारांच्या आसपास जातो, म्हणून मी उकळतो. काढायच्या, दहा मिनिटं उकळत्या पाण्यात, फडक्याने पुसून लगेच पूर्ण वाळवायच्या, नाहीतर गंजतात. वेटोळ्यांत बसलेला घाम आणि मळ निघतो, चमक परत येते, काही आठवडे टिकते. दोन-तीनदा चालतं, मग तार सुरात बसेनाशी होते. पातेलं वेगळं ठेवा. आमच्याकडे त्या पातेल्यावर नेलपॉलिशने ‘बेस’ लिहून ठेवलंय, आणि ते मी लिहिलेलं नाही.

रियाजाचं विचारतात म्हणून, एवढंच. पाच तारांवर पहिले दोन महिने बोटांपेक्षा शांतता शिका. तुम्ही ए वाजवता तेव्हा बी आणि ई आपोआप घुमत असतात आणि ते अ‍ॅम्पवर घरी कळत नाही, हॉलमध्ये कळतं. अंगठा पिकअपवर रोवून ठेवू नका, तो वरच्या तारांवर सरकत राहू दे, म्हणजे मागच्या तारा त्याच्याखाली गप्प राहतात. मेट्रोनोम चाळीसवर लावा आणि ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर आहे असं धरा. सुरुवातीला चीड येते.

आणि आपल्या गाण्यांत ड्रमच्या किकशी जमवायच्या आधी डग्ग्याशी जमवा. केरवा घ्या: धा गे ना ती, न क धि न. पहिल्या दोन मात्रांना डग्गा घुमतो, तिथे बेसचा स्वर आखूड ठेवा, दोघं एकाच खड्ड्यात उतरले की नुसता गडगडाट होतो. ‘न क’ला डग्गा बंद असतो, तिथे स्वर लांबवा. एवढं केलं तरी गायक मागे वळून बघतो. बेसवादक कीथ पीटर्स यांनी ए. आर. रहमान यांच्यासाठी वाजवलेलं ऐकताना स्वर कुठे सुरू होतो यापेक्षा कुठे थांबतो ते ऐका. मुंबईची बेसवादक मोहिनी डे वाजवते त्या वेगाच्या नादी लागू नका. तिचा कोन्नकोलचा (कर्नाटक संगीतात तालाचे बोल तोंडाने म्हणायची पद्धत) हिशोब आधी तोंडाने म्हणून बघा, मग बोटांचं बघू.

घ्यावा का, तर पाच तारांसाठी घ्या. दुकानातच पिन काढून मागचं झाकण उघडायला सांगा आणि मीटर लावा. दुकानदार विचित्र बघेल, बघू दे. वॉरंटी दिवाळीला संपतेय. वाढवून घ्यायचे मेसेज आतापासूनच यायला लागलेत, एकोणीसशे नव्व्याण्णव रुपये. त्यात काकांच्या नऊ दुरुस्त्या होतात आणि जवळजवळ दोनशे रुपये उरतात.